गॅलरीजवळची गादी

कलावतीनं त्या गोळ्या आणल्या तेव्हा तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक लगेच खापर फोडायला डोकं शोधतात. कोपर स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये ती गेली, आजूबाजूला कुणी पुरुष नाही असं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "त्या पुढे ढकलायच्या द्या." दुकानातल्या माणसानं चिठ्ठी मागितली नाही. कागदात गुंडाळून पाकीट तिच्या हातात ठेवलं. गणपती जवळ आले की डोंबिवलीतल्या कितीतरी बायका असंच मागतात आणि त्यांना असंच मिळतं. कलावतीनं स्वतः वर्षानुवर्षं त्या घेतलेल्या. लग्न, सत्यनारायण, गावची पालखी, काही आलं आणि तारीख आडवी आली की गोळ्या सुरू. पूजेच्या सामानात नारळ, सुपारी, कापूर आणि या गोळ्या. इतकं साधं ते.

या वेळी गोळ्या होत्या सुनेसाठी. ऐश्वर्याच्या लग्नाला तीन वर्षं होत आली तरी तिचा ओवसा, म्हणजे गौरीपुढे सुपं ओवाळायचा मान, राहिलेला. कोकणातल्या घरांत नव्या सुनेचा पहिला ओवसा असा मनाला येईल तेव्हा होत नाही. गौर पूर्वा नक्षत्रात यावी लागते. पहिल्या वर्षी ती पूर्वात नव्हती, दुसऱ्या वर्षी गावचे चुलत सासरे गेले आणि सुतक आलं. मधल्या काळात ऐश्वर्याला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्याच्या आत सगळं आटोपलं. पोरगी तेव्हापासून हसायची कमी झाली. ओवसा झाला की गौर पदरात काहीतरी टाकेल, असं कलावतीनं मनाशी धरलेलं. आणि नेमकी त्याच दिवसांत पोरीची तारीख. मग काय करणार?

गौर असायची थोरल्या जावेकडे, वर्तकनगरला. शुभदाताई म्हणजे नियमाला वाघीण. ऐश्वर्यानं हिरवी साडी नेसली, नाकात नथ घातली, सकाळपासून तोंडात पाणी घेतलं नाही. फळं, पानं, सुपाऱ्या भरलेली पाच सुपं मांडली. एकेक सूप पदराखाली धरून गौरीपुढे ओवाळायचं असतं. तिसऱ्या सुपाला तिचे हात थरथरले. चौथं उचललं आणि ती खाली बसली. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होतंय म्हणाली. बायकांनी एका सुरात निदान केलं की पित्त झालं, उपाशीपोटी होणारच. कुणी सोडा आणला, कुणी लिंबू. डावा हात दुखतोय म्हणाली तर शुभदाताई म्हणाल्या, सुपं जड आहेत. अठ्ठावीस वर्षांच्या पोरीला हार्ट अटॅक येतो हे त्या खोलीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते आलं फक्त संदेशच्या. बायको पांढरीफटक पडलेली बघून त्यानं तिला सरळ उचललं आणि रिक्षात घातलं.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर भराभरा विचारत होता. साखर आहे का, बीपी आहे का, घरात कुणाला हृदयाचा त्रास, काही गोळ्या चालू आहेत का. संदेश नाही म्हणाला. त्यानं आईकडे बघितलं आणि कलावतीही म्हणाली, "कसल्याच नाहीत हो, डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही ती." खोटं बोलतोय असं तिला वाटलंच नाही. गोळ्या म्हणजे औषध, औषध म्हणजे आजार. पाळी पुढे ढकलायची गोळी तिच्या हिशेबी औषधात येतच नव्हती.

नळी घालून बघितलं तर नसा स्वच्छ. चरबी नाही, काही नाही. फक्त एका नसेत रक्ताची गुठळी बसलेली, ती ओढून काढली. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टर क्षिप्रा म्हणून एक शांत बाई होत्या, त्यांनी सगळ्यांना समोर बसवून समजावलं. शरीर रोगांशी लढायला रक्तात काही पदार्थ बनवतं. ऐश्वर्याच्या रक्तात असे पदार्थ सापडलेत जे उलट तिच्याच रक्ताच्या गुठळ्या करतात. सोसायटीचा वॉचमन चोराला सोडून राहणाऱ्यांनाच बडवायला लागला तर कसं, तसं. धाकूराव, म्हणजे कलावतीचे यजमान, अंबरनाथच्या कारखान्यात आयुष्य काढलेला सरळ माणूस. ते म्हणाले, मग वॉचमन बदलू या. क्षिप्रा मॅडमना हसू आलं. बदलता येत नाही काका, म्हणाल्या, त्याच्यावर नजर ठेवायची. रक्त पातळ करायची गोळी रोज घ्यायची, बहुधा जन्मभर. तीन महिन्यांनी तपासणी परत करू, तेव्हाही तसंच निघालं तर नक्की. आणि जाता जाता म्हणाल्या की ती दोन मुलं राहिली नाहीत तीही बहुतेक यामुळेच, पोटातल्या बाळाला रक्त पोचायच्या वाटेतही गुठळ्या होतात. ऐश्वर्या तेव्हा पलंगावर पडलेली. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

पुढचे तीन महिने कलावतीचा पिट्ट्या पडला. संदेशची ऐरोलीला शिफ्ट, धाकूरावांचे गुडघे गेलेले, मुलगी सोनल बँकेत आणि तिचं लग्न डिसेंबरात ठरलेलं. म्हणजे सुनेला रक्त तपासायला नेणं कलावतीकडेच. रक्त फार पातळ झालं की गोळी कमी, घट्ट झालं की जास्त. मेथी, पालक, अळू मनाला येईल तसं खायचं नाही, रोज सारखं बेतानं. एकदा कलावतीनं अंगात रक्त भरावं म्हणून चार दिवस अळूचं फतफतं केलं तर रिपोर्ट बिघडला आणि मॅडमची बोलणी खावी लागली. ती रोज संध्याकाळी पाय चोळत बसायची आणि म्हणायची की देवा, मी म्हातारी झाले रे, आता कुणीतरी माझ्या जागी उभं राहा. देव काही उभा राहिला नाही. राहून राहून तीच उभी.

आणि त्यात ते दुसरं. रक्त पातळ झाल्यावर ऐश्वर्याची पाळी थांबेना. पाचाचे आठ दिवस झाले, आठाचे बारा, कधी पंधरा. कोपरचं घर ते केवढं, एक खोली, एक हॉल, एक किचन, आणि देव्हारा किचनमध्ये. अडचण आली की बाजूला बसायचं, हा त्या घराचा नियम. कलावती बसली, तिची सासू बसली, सोनलही बसते. हॉलच्या टोकाला, गॅलरीच्या दाराजवळ एक सतरंजी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. बाकीच्यांचं चार दिवसांत संपायचं. ऐश्वर्याचा अर्धा महिना त्या सतरंजीवर जाऊ लागला. ती मोबाईल बघत भिंतीला टेकून बसलेली असायची आणि घर तिच्या बाजूनं ये-जा करायचं. कलावतीला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण नियम आपण थोडाच केला, असंही वाटायचं. मॅडमना हे सांगायचं तर ऐश्वर्या लाजायची, आणि कलावतीला त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कधी सुचलं नाही.

तीन महिन्यांनी परत तपासणी झाली. रिपोर्ट तसाच निघाला. त्या दिवशी दोघीच गेलेल्या. क्षिप्रा मॅडम आता काय सांभाळायचं ते एकेक सांगत होत्या आणि मध्येच थांबून म्हणाल्या, गर्भनिरोधक गोळ्या अजिबात नाहीत, हार्मोनची कुठलीच गोळी मला विचारल्याशिवाय नाही. त्यानं आधीच गुठळी करणारं रक्त आणखी चवताळतं. मग त्यांनी चष्मा वर केला.

"ऐश्वर्या, अटॅकच्या आधी गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतलेल्या का तू? आपल्याकडे घेतात बायका, म्हणून विचारते."

कलावतीच्या समोर एकदम सगळं आलं. मेडिकलचं काउंटर, कागदातलं पाकीट, रोज दुधाबरोबर आपल्या हातानं पुढे केलेली गोळी. तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटायच्या आत शेजारून सून म्हणाली, "नाही मॅडम."

अगदी सहज म्हणाली. मॅडमनी मान हलवली आणि पुढे बोलू लागल्या.

परतताना रिक्षात कलावती सुनेकडे बघू शकली नाही. हात तिच्या हातावर ठेवावा असं वाटलं, ठेवला नाही. ठाकुर्लीच्या पुलापाशी रिक्षा अडकली तेव्हा तिचे डोळे भरून आले. पोरीनं आपल्याला वाचवलं, तिला वाटलं. संदेशला कळलं असतं तर त्यानं जन्मात तोंड बघितलं नसतं. माझ्याच आईनं माझ्या बायकोला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं, असं म्हणाला असता आणि ते खोटंही नसतं. आणि या पोरीनं, जिचं सगळं गेलं तिनं, एका शब्दात ते झाकून टाकलं. कलावतीला एवढं हलकं वाटलं की तिला त्याची लाज वाटली, आणि तरी ते हलकं वाटणं काही कमी झालं नाही.

त्या दिवसापासून ती सुनेला जपू लागली. फुलका पहिला तिला. मासा आणला की मधला तुकडा तिला. आणि त्या आठवड्यात बाजारात जाऊन तिनं एक जाड, मऊ गादी आणली आणि गॅलरीजवळच्या सतरंजीच्या जागी घातली. पाठ दुखत असेल गं तुझी, म्हणाली. ऐश्वर्यानं गादीकडे बघितलं, थँक्यू आई म्हणाली आणि तिच्यावर जाऊन बसली. कलावतीला समाधान वाटलं. माणसाचं समाधान कशात असतं, काय सांगावं.

सोनलचं लग्न आलं. हळद घरीच करायची ठरली, खाली सोसायटीच्या आवारात मांडव. सोनलनं एकच हट्ट धरला, की जात्यावर हळद दळायला आणि मला पहिली हळद लावायला वहिनीच हवी, दुसरं कुणी नको. दोघींचं सख्ख्या बहिणींसारखं. ऐश्वर्या त्या बोलण्यानं कितीतरी दिवसांनी हसली. कलावतीनं कॅलेंडरकडे बघितलं आणि मनात म्हणाली, बघू, तोवर मोकळी होईल पोरगी. पण हळद चार दिवसांवर आली तरी ऐश्वर्या गादीवरच होती.

त्या दिवशी कलावती डोंबिवली पूर्वेला चुडा घ्यायला गेलेली. दुकानात असतानाच शुभदाताईंचा फोन आला. त्यांना आहेराच्या साड्यांचं बोलायचं होतं, ते झाल्यावर म्हणाल्या, "आणि ऐश्वर्याचं तू टेन्शन घेऊ नकोस. काल येऊन गेले ना, तेव्हा मी तिला त्या पुढे ढकलायच्या गोळ्या देऊन ठेवल्यात, चालू असली तरी थांबते त्यानं. तिनंच मागितल्या बिचारीनं."

कलावतीनं चुडा काउंटरवर तसाच ठेवला. दुकानदार मागून हाका मारत राहिला. पूल ओलांडून रिक्षा मिळेपर्यंत आणि रिक्षा कोपरला पोचेपर्यंत ती सुनेला फोन लावत होती आणि सून उचलत नव्हती. तीन जिने चढताना तिचा श्वास लागला. दार उघडलं तेव्हा ऐश्वर्या गादीवर बसून सोनलच्या साडीला फॉल लावत होती. फोन चार्जिंगला खोलीत होता.

कलावतीनं काही न बोलता हात पुढे केला. ऐश्वर्याला कळलं. तिनं उशीखालून पाकीट काढलं आणि सासूच्या हातावर ठेवलं. एका गोळीची जागा रिकामी होती.

"सकाळी घेतली," ती म्हणाली. "एकच."

कलावती मटकन खाली बसली, गादीच्या कडेला. शिवाशिव झाली हे तिच्या ध्यानातही आलं नाही. ती म्हणाली की मॅडम काय म्हणाल्या ते तू कानांनी ऐकलंस ना, याच त्या, गौरीच्या वेळी मीच दिलेल्या त्या. तुला माहीत होतं ना? ऐश्वर्यानं मान हलवली. हॉस्पिटलमध्ये असतानाच मोबाईलवर वाचलेलं, म्हणाली.

"मग मॅडमना नाही का म्हणालीस? मला वाटलं, माझ्यासाठी. माझी लाज राखलीस."

ऐश्वर्याच्या चेहऱ्यावर खरोखरच आश्चर्य होतं.

"तुमच्यासाठी?" ती म्हणाली. "नाही आई. हो म्हटलं असतं तर त्यांनी याच गोळ्यांचं नाव घेऊन कायमची मनाई केली असती आणि ते घरभर झालं असतं. मग मला त्या परत कुणीच दिल्या नसत्या. मी सोनलच्या हळदीला कुठे बसणार होते? इथेच ना?" तिनं गादीवर हात आपटला. "अर्धा महिना मी इथे असते. मला माझ्या घरात पाणी घेता येत नाही. दोन पोरं गेली तेव्हा लोकांनी बघितलं, आता हे बघतात. एक दिवस, फक्त हळदीचा एक दिवस मला सगळ्यांत उभं राहायचं होतं. मग जे व्हायचं ते होऊ दे, असं झालेलं मला."

ती रडली नाही. दमलेली होती, एवढंच. इतके दिवस कलावती या पोरीच्या उपकाराखाली वावरत होती, फुलके वाढत होती, आणि पोरगी इथे मऊ गादीवर बसून मरणाची तयारी करत होती. मरण तिला त्या कोपऱ्यापेक्षा बरं वाटलं होतं. आणि तो कोपरा डॉक्टरांनी दिलेला नव्हता, रक्तानं दिलेला नव्हता. तो कलावतीनं दिलेला होता, झाडून पुसून, वर नवी गादी घालून.

तिनं तिथूनच क्षिप्रा मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. गौरीच्या आधी आपण आणलेल्या गोळ्या, आज सकाळची गोळी आणि हे पंधरा-पंधरा दिवसांचं. मॅडम म्हणाल्या, पुढची गोळी घ्यायची नाही, छातीत, पायात काही दुखलं तर लगेच आणा आणि नाहीतर उद्या सकाळी या. रक्त इतकं जातंय हे आधी का सांगितलं नाही, त्यावर दुसरे उपाय आहेत. त्यांचा आवाज रागावलेला होता आणि कलावतीला ते बरं वाटलं. कुणीतरी रागवायलाच हवं होतं.

संध्याकाळी संदेश आला तेव्हा तिनं त्यालाही सांगितलं, चहा ठेवायच्या आधी. तो उठून गॅलरीत गेला आणि बाहेर तोंड करून उभा राहिला. पुढचे दोन दिवस त्यानं आईशी हो-नाही पलीकडे शब्द काढला नाही. ते तिनं सोसलं. सोसण्यासारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी रक्त तपासलं, गोळीचं प्रमाण बदललं, रक्तस्राव कमी व्हायला काय करता येईल ते समजावलं. पण ते काही चार दिवसांत थांबणारं नव्हतं. हळदीचा दिवस उजाडला तेव्हा ऐश्वर्याची पाळी चालूच होती.

मांडवाआधी घरात जातं मांडलं. पाच सुवासिनींनी मिळून हळकुंडं दळायची. हॉल बायकांनी भरला. वर्तकनगरहून शुभदाताई आल्या, शेजारच्या कमळाबाई आल्या. ऐश्वर्या पिवळी साडी नेसून आतल्या खोलीच्या दारात उभी होती, पुढे यावं की नाही अशी. कलावतीनं तिचा हात धरला, जात्यापाशी आणून बसवली आणि खुंटा तिच्या मुठीत दिला. जातं फिरू लागलं.

शुभदाताई कलावतीच्या कानाशी आल्या. गोळ्या लागू पडल्या म्हणायच्या, म्हणाल्या. एकच घेतली, पुढच्या मी घेऊ दिल्या नाहीत, कलावती म्हणाली. शुभदाताईंना काही कळेना.

"अगं, मग हिची अडचण होती ना?"

"आहे," कलावती म्हणाली.

हळू बोलायला गेली, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. ओवी म्हणणाऱ्या कमळाबाई थांबल्या. जातं थांबलं. ऐश्वर्याचा चेहरा उतरला आणि तिनं खुंट्यावरचा हात काढायला सुरुवात केली. किचनमध्ये देव्हाऱ्यात निरांजन जळत होतं, ते इथून सरळ दिसत होतं.

"हात काढू नकोस," कलावती म्हणाली. "ती माझ्यामुळे एकदा मरता मरता वाचली आहे ताई. परत नाही. देवाला राग आला तर माझ्यावर येऊ दे. ऐशू, दळ."

मग सोनल पाटावरून म्हणाली की वहिनी, लवकर कर, मला भूक लागली. कमळाबाईंनी घसा खाकरला आणि ओवी जिथे सोडली तिथून उचलली. शुभदाताई तोंड आवळून बसून राहिल्या, पण उठून गेल्या नाहीत. जातं परत फिरू लागलं आणि पिवळी पूड कडेनं सांडू लागली.

कलावती पहाटेपासून उभ्यानं राबत होती. बसायला जागा कुठे दिसेना. गॅलरीजवळची गादी तेवढी मोकळी होती, सवयीनं कुणी तिच्यावर बसलं नव्हतं. ती जाऊन बसली आणि भिंतीला टेकली. कितीतरी वर्षांनी ती त्या जागी बसत होती. समोर बायकांची गर्दी, आणि खालून तिला त्यांच्या पाठी, पदर आणि पावलं एवढंच दिसत होतं. सोनलला वहिनीची पहिली हळद लागत होती, सगळ्या हसत होत्या, काय चाललंय ते कळत नव्हतं. पोरीनं तीन महिने घर असं बघितलं, एवढंच तिच्या मनात आलं आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

मग त्या पावलांमधून दोन पावलं तिच्याकडे आली. ऐश्वर्या होती, दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे. आई उठा, म्हणाली, सोनल थांबली आहे तुमच्यासाठी.

"येते गं," कलावती म्हणाली. "जरा बसू दे मला इथे."